रागावलेले मूल आणि त्याचे शरीर



दिवाळीनंतर नंदुरबार भागातील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गावाबाहेर जातात. त्यांची तेरा-चौदा वर्षांची काही मुले मागे वसतिगृहात राहतात. त्यातला एखादा किरकोळ कारणावरून हाणामारी करतो आणि आपण त्याला ‘उर्मट’ म्हणून मोकळे होतो. त्या रागामागे शरीरात काय घडते, ते या पाठात पाहू.

संकट जाणवले की मेंदूच्या आज्ञेने मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी आधी ॲड्रिनलिन आणि मग काही मिनिटांत कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. छाती धडधडते, रक्तातील साखर वाढते, अंग लढायला किंवा पळायला सज्ज होते. त्यातच किशोरवयात भावना चेतवणारा मेंदूचा भाग आधी तयार होतो. आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो.

मग सर्वांत भांडखोर मुलात कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढत असेल? २००८ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना उलटेच दिसले. मुद्दाम ताण दिल्यावर इतर मुलांचे कॉर्टिसॉल वाढले. गंभीर वर्तनदोष असलेल्या मुलांचे तसे वाढले नाही. म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन रागीट मुलांच्या आत सारखेच चालले असेल असे नाही. यामुळे मुलाची जबाबदारी संपत नाही. पण शिक्का मारण्याची आपली घाई मात्र थांबावी.

१ राजे १९ वाचा. जीव नकोसा झालेला एलीया झुडपाखाली निजतो. देव त्याला दटावत नाही. झोप, भाकर, पाणी देतो; पुन्हा झोप, पुन्हा भाकर. प्रश्न विचारतो तो त्यानंतर.

आपणही हाच क्रम धरू. भांडणाऱ्यांना वेगळे करा, पाणी द्या, शांत बसू द्या, विचारपूस नंतर. शिस्त हवी, मारहाण नको. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, रोज खेळ आणि आईवडिलांशी नियमित फोन, एवढे सांभाळले तरी पुष्कळ फरक पडतो. मूल स्वतःला किंवा इतरांना वारंवार इजा करत असेल तर डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

चर्चेसाठी :
१. एलीयाला देवाने आधी काय दिले, आणि का?
२. आपल्या मंडळीतील कोणत्या रागावलेल्या मुलाशी आपण अजून निवांत बोललेलो नाही?

वसतिगृहातील मुले आणि दूर राबणारे त्यांचे आईबाप यांचे प्रार्थनेत स्मरण करा.