नेढ्याकडे निघालेल्या भाचीस



मोहनदरच्या नेढ्याला जायचं ठरवलं आहेस, हे ताईकडून कळलं. तिला काळजी वाटते आहे. ‘तू तिला अडव’ असंही म्हणाली. मी अडवणार नाही. रतनगड झाला, राजगडच्या सुवेळा माचीवरचं नेढं झालं, आता मळलेली वाट नसलेल्या डोंगराची तुला ओढ लागली आहे, याचा मला आनंदच आहे. मात्र त्या दोन्ही गडांवर हजारो पायांनी तुझ्यासाठी वाट करून ठेवली होती, रतनगडाला तर शिड्याही आहेत. इथे वाट आपली आपण शोधायची, म्हणून हे पत्र सवडीने वाच.

नांदुरीच्या परिसरात शिरलं की सातमाळेच्या रांगेतली मोहनदरची भिंत ओळखू येते, कारण तिच्या आरपार आभाळ दिसतं. देवी आणि महिषासुराच्या झटापटीत डोंगराला हे भोक पडलं, असं तिकडचे लोक सांगतात. समोर सप्तशृंगीचा गड असताना दुसरी कुठली कथा तिथे रुजली असती? मात्र खरा धोका इथूनच सुरू होतो. नेढं सतत डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे पाय नाकासमोर सरळ त्याच्याकडेच चालू लागतात. ते दिसतं म्हणजे तिथवरची वाट दिसते, असं मुळीच नाही.

एक विचार कर. त्या भोकातला दगड गेला कुठे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून आपला हा सह्याद्री घडला. त्यातले काही थर टणक, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी, ऊन आणि वारा ठिसूळ थराला दोन्ही अंगांनी कुरतडतात. भिंत अरुंद असेल तर कधीतरी दोन्हीकडच्या खोबणी एकमेकींना भिडतात, वरचा टणक थर छत होऊन राहतो आणि नेढं तयार होतं. सुटलेला सगळा दगड खालच्या उतारावर येऊन पडतो. म्हणजे नेढ्याच्या पायाशी असतो तो घसारा, आणि तो अजून स्थिरावलेला नाही. छताचे दगडही अधूनमधून सुटतच असतात. इरशाळगडालाही असंच नेढं आहे. त्याच डोंगराच्या कुशीतल्या इरशाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली, ते तू विसरली नसशील. म्हणून पावसाळ्यात हा बेत नकोच. पाऊस सरून माती सुकली की मगच निघा.

घसाऱ्यावर एकाच्या बरोब्बर खाली दुसऱ्याने चालायचं नाही. तिरपं जा आणि वरचा माणूस थांबला की मगच पुढचा हलू दे. दगड सुटला तर तो कितीही लहान असो, जोरात ‘दगड’ म्हणून ओरडायचं. हेल्मेट घ्याच. आणि गवत धरून चढू नकोस. डिसेंबरातलं ते सोनेरी गवत हाताला घट्ट लागतं, पण मुरमात त्याची मुळं दोन बोटंही खोल गेलेली नसतात. अंगाचा भार पडला की अख्खा ठोंब मातीसकट हातात येतो. पायाखाली हेच वाळलेलं गवत तेल सांडल्यासारखं निसरडं होतं.

मोबाइलवर कुणाचातरी ट्रॅक उतरवून घेतला आहेस, असं ताई म्हणाली. जवळ असू दे, पण भरवसा गावातल्या माणसावर ठेव. गेल्या पावसाळ्यात कुठली घळ खचली हे त्या रेघेला ठाऊक नसतं, रोज गुरं घेऊन जाणाऱ्याला ठाऊक असतं. गावात जाऊन आदराने विचारा, एखाद्या मामांना सोबत घ्या आणि त्यांचा दिवस मोडतो त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. ते ‘इथून नको’ म्हणाले तर तिथे वाद घालू नका. एकट्याने वाट काढायची वेळ आलीच, तर ढोरवाटेमागे डोळे मिटून जाऊ नकोस. ढोरवाट गवतापर्यंत जाते आणि तिथेच विरते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, उतरणं. चढताना हात आणि डोळे कातळाजवळ असतात, उतरताना पाऊल कुठे पडणार तेच दिसत नाही. म्हणून कातळटप्पा आला की आधी चार हात चढून परत खाली उतरून बघ. जिथून दोराशिवाय उतरता येणार नाही, तिथे दोराशिवाय चढायचं नाही. दोर बांधायला शिकलेला माणूस बरोबर नसेल तर पाठीवरच्या दोराचा काही उपयोग नाही. दर वळणावर मागे वळून बघ, फोटो काढून ठेव, कारण उतरताना तोच डोंगर अनोळखी वाटतो. दुपारचे 12 वाजले की जिथे असाल तिथून परत फिरायचं, नेढं शंभर पावलांवर असलं तरी. हे गटातल्या प्रत्येकाकडून खाली, गावातच कबूल करून घे. वर गेल्यावर कुणी ऐकत नाही.

आग्या मोहोळांचं मी फार मनावर घेतो. अशा कपारींत, छतांखाली ती लोंबत असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, ड्रोन, यातलं काहीही नको. मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा.

वर पोचलीस तर भिंतीला पाठ लावून बस, कडेला जाऊ नकोस. दोन्हीकडचा वारा त्या भोकात कोंडून येतो आणि उभ्या माणसाला हलवतो. छताखाली जेवायला रेंगाळू नका. पण थोडा वेळ शांत बस मात्र. एका अंगाला सप्तशृंग आणि मार्कंड्या, दुसऱ्या अंगाला कळवणकडचा मुलूख, आणि मधे तू. तुला ते दिसावं असं मला फार वाटतं.

माझा दोर आणि दोन हेल्मेटं शुक्रवारी ताईकडे पोचवतो. दोर वापरण्याआधी पूर्ण उलगडून हाताने चाचपून बघ. गटातल्या सगळ्यांची नावं, घरचे फोन नंबर आणि सोबत येणाऱ्या मामांचा नंबर मला लिहून पाठव. गावात गाडी लावल्यावर एक फोन कर, खाली उतरल्यावर दुसरा. संध्याकाळी 7 पर्यंत दुसरा आला नाही, तर मी आधी त्या मामांना फोन लावीन, मग 112 ला, आणि लगेच गाडी काढीन.

तुझा,
मामा