पोच आली नाही, म्हणजे पोचलं नाही असं नव्हे

रायगडाच्या पायथ्याशी, रोपवे जिथून सुटतो त्या हिरकणीवाडीत, पावसाळ्यातल्या रविवारी खानावळीच्या गल्ल्यावर काय घडतं ते नीट पाहावं. गिऱ्हाइकानं पिठलं-भाकरीचे 240 रुपये मोबाइलवरून भरलेले असतात, पडद्यावर चक्र फिरत असतं आणि गल्ल्यावरचा साउंडबॉक्स गप्प असतो. "आवाज नाय आला, परत करा," असं आतून सांगितलं जातं आणि गिऱ्हाईक पुन्हा स्कॅन करतं. पहिले 240 रुपये गेले की नाही, हे त्या क्षणी दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणाऱ्या इंटिग्रेशनच्या कामात रोज नेमकी हीच चूक होते, फक्त तिथं 'परत करा' म्हणणारा माणूस नसतो. सेटिंगमधला एक आकडा ते काम करतो, आणि रात्रीत हजार वेळा करतो. म्हणून या कामात नव्यानं येणाऱ्यांना मला एकच गोष्ट कळकळीनं सांगायची आहे: निरोप फसला असं दिसलं की पुन्हा पाठवायच्या आधी, मागच्याचं काय झालं ते विचारा.

'पोचणं' आणि 'पोच' हे दोन शब्द मराठीनं वेगळे ठेवले आहेत, ते उगाच नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. माल निघाला, आणि 'रवानगी क्रमांक 4511, पिंपं 200' असा निरोप मुंबईच्या हिशेबाच्या सर्व्हरकडे गेला. पाठवणारा 30 सेकंद थांबतो. समोरच्यानं 28व्या सेकंदाला नोंद केली, पण त्याची पोच परतताना वाटेतच हरवली. पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये 'टाइमआउट' उमटतं, तो पुन्हा पाठवतो, आणि वहीत 400 पिंपं उभी राहतात. निरोप जाताना हरवला, समोरच्याच्या हातात फसला, की पोच येताना हरवली, या तिन्ही गोष्टी पाठवणाऱ्याला सारख्याच दिसतात. हा कुठल्या एका सॉफ्टवेअरचा दोष नाही. बेभरवशाच्या वाटेवरून कितीही निरोप आणि कितीही पोचपावत्या पाठवल्या तरी दोन्ही बाजूंची एकाच वेळी पक्की खात्री होऊ शकत नाही, हे संगणकशास्त्रात 1975 साली मांडलं गेलं. 1978 मध्ये जिम ग्रे यांच्या लेखनातून ते 'दोन सेनापतींचा प्रश्न' या नावानं रूढ झालं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पुन्हा पाठवलं नाही तर निरोप हरवेल, त्यापेक्षा दोनदा गेलेला परवडला. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. पुन्हा पाठवावंच लागतं. पण दोनदा गेलेला निरोप परवडतो तो समोरच्याला 'हा तोच आहे' हे ओळखता आलं तरच. मुंबईच्या गिरणीतून पोलादपूरच्या घरी मनीऑर्डर यायची, तिला नंबर असायचा. चौकशी कितीही वेळा झाली तरी ती त्याच नंबरावर व्हायची, पैसे एकदाच मिळायचे, आणि सहीची पोच मागे जायची. सॉफ्टवेअरमध्ये या गुणाला आयडेम्पोटन्सी म्हणतात: तोच निरोप दहादा आला तरी परिणाम एकदाच. इथं दोन ठिकाणी घसरायला होतं. एक म्हणजे, प्रत्येक प्रयत्नाला नवा नंबर दिला जातो. नंबर घटनेचा हवा, प्रयत्नाचा नव्हे. 4511 ही रवानगी पाचव्या खेपेलाही 4511च राहिली पाहिजे. दुसरं म्हणजे, नंबराची नोंद आणि प्रत्यक्ष काम वेगवेगळ्या वेळी होतं. मधल्या क्षणी वीज गेली की एकतर काम दोनदा होतं, नाहीतर न होताच 'झालं' म्हणून नोंदलं जातं. दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात पक्क्या झाल्या पाहिजेत.

दुसरा आक्षेप असा की, नंबर आहे, समोरचा दुसरी प्रत टाकून देतो, मग मनसोक्त रिट्राय करायला हरकत काय? याचं उत्तर 12 एप्रिल 2025 रोजी सगळ्या देशानं पाहिलं. त्या शनिवारी यूपीआय काही तास कोलमडलं. मार्च 2025 मध्ये 1,800 कोटींहून जास्त व्यवहार पेललेली ही यंत्रणा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या तपासणीत पुढे आलेलं कारण म्हणजे बँकांकडून 'त्या व्यवहाराचं काय झालं' हे विचारणाऱ्या विनंत्यांचा भडिमार. प्रश्न योग्य होता, पण तो जुन्या व्यवहारांबद्दलही पुन्हा पुन्हा विचारला जात होता. अडखळलेल्याला सगळ्यांनी एकदम हाका मारल्या आणि तो पडला. पुढे 1 ऑगस्ट 2025 पासून अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच आणि दर वेळी 90 सेकंदांच्या अंतरानं तपासावी, अशी मर्यादा आली. म्हणजे चौकशीलाही शिस्त लागते. दोन प्रयत्नांतलं अंतर दर वेळी वाढवत न्यावं, आणि त्यात थोडा अनियमितपणा मुद्दाम ठेवावा, नाहीतर एकाच मिनिटाला बंद पडलेले हजार निरोप पुन्हा एकाच मिनिटाला दार ठोठावतात.

किती वेळ वाट पाहायची, हे मात्र जागा पाहून ठरवावं. सॅप या कंपनीच्या जुन्या इंटिग्रेशन यंत्रणेत मुळातली सोय पाच-पाच मिनिटांनी तीन प्रयत्नांची असते, आणि बरेच जण तिला हात लावत नाहीत. 22 जुलै 2021 ला महाड शहर पाण्याखाली गेलं तेव्हा वीज आणि मोबाइल नेटवर्क दोन्ही गेली. अशा वेळी ते तीन प्रयत्न पाव तासात संपतात. याउलट ईमेलच्या नियमांत प्रयत्नांमध्ये किमान अर्ध्या तासाचं अंतर आणि हार मानण्याआधी चार-पाच दिवसांचा धीर सुचवलेला आहे. तिथंच तात्पुरतं आणि कायमचं अपयशही वेगळं मोजलं जातं: चारनं सुरू होणारा कोड म्हणजे नंतर या, पाचनं सुरू होणारा म्हणजे हे घेताच येत नाही. सर्व्हर बंद असेल तर थांबून पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे. मालाचा कोडच चुकला असेल तर शंभर वेळा पाठवूनही तो चूकच राहणार.

असा न सुधारणारा निरोप बाजूला काढण्यासाठी वेगळी रांग असते, तिचं 'डेड लेटर' हे नाव टपाल खात्यातूनच आलं आहे. ज्या पत्राचा धनी सापडत नसे ते 'डेड लेटर' कार्यालयात जायचं. तिथं कारकून ते उघडून पत्ता शोधायचा आणि शक्य तर परत पाठवायचा. आपण नाव उचललं, कारकून विसरलो. या रांगेवर माणूस बसवणं खर्चाचं आहे, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. खर्च खरा आहे. पण क्रमानं जाणाऱ्या रांगेत एक निरोप अडकला की मागचे सगळे थांबतात, आणि बिनाक्रमाच्या रांगेत तो गुपचूप पडून राहतो. पहिल्यात काम थांबतं, दुसऱ्यात महिनाअखेरीस हिशेब जुळत नाही, आणि तो जुळवायला त्याहून जास्त माणसं बसवावी लागतात.

राहिला सगळ्यात मोहक दावा: 'आमचं उत्पादन निरोप नेमका एकदाच पोचवतं.' ही हमी त्या उत्पादनाच्या हद्दीपुरती खरी असू शकते. हद्द ओलांडून निरोप बँकेकडे, वाहतूकदाराकडे गेला की पुन्हा तोच अंधार. म्हणून शेवटचा भरवसा ताळमेळावर ठेवावा, म्हणजे ठरावीक मुदतीत दोन्ही वह्या शेजारी ठेवून तपासण्यावर. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाचं शहाणपण इथंच आहे. अपयश येणारच, हे ते गृहीत धरतं. पैसे कापले गेले पण दुकानदाराला पक्कं झाल्याचं कळलं नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यावेत, आणि उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी. हिरकणीवाडीच्या गल्ल्यावर हे माहीत असेल तर 'परत करा' म्हणण्याआधी दुकानदार आपल्या खात्याचा उतारा उघडून पाहील.

वाडीला जिचं नाव आहे त्या हिरकणीची लोककथा सगळ्यांना ठाऊक आहे: दरवाजे बंद झाले, आणि तान्ह्या लेकरासाठी ती कडा उतरून गेली. तिच्या धाडसाचं कौतुक झालंच, पण गोष्ट तिथं संपत नाही. जिथून एक आई उतरू शकली तिथून शत्रू चढू शकतो, हे ओळखून महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला, असं लोक सांगतात. आपल्या कामात पहिला भागच गाजतो. रात्री जागून निरोप पुढे ढकलणाऱ्याला शाबासकी मिळते, आणि निरोप अडकला कुठं ती जागा तशीच राहते. तेव्हा उद्या कामावर गेल्यावर फसलेल्या निरोपांची रांग उघडा, सगळ्यात जुना निरोप घ्या, आणि 'पुन्हा पाठवा' हे बटण दाबण्याआधी समोरच्या वहीत त्याचा नंबर शोधा. सापडला तर पोच कुठं हरवली ते पाहा, नाही सापडला तर निरोप कुठं थांबला ते पाहा. आणि ती जागा बांधून काढल्याशिवाय त्या निरोपाचं काम संपलं असं समजू नका.