शास्त्रीय गद्यातील व्याख्या : खनिजांच्या वर्णनाच्या आधारे

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस सामान्य लक्षण व व्यवच्छेदक लक्षण यांतील भेद स्पष्ट करता येईल. तसेच चार परिचित खनिजे कोणत्या गुणधर्मांनी वेगळी ओळखावीत, हे सांगता येईल.

विषय-विवेचन
विद्यार्थी मित्रहो, महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. त्यातील पोकळ्यांत पांढरी, चकाकणारी खनिजे आढळतात. असा तुकडा हाती आला की आपण सहज म्हणतो, ‘ही गारगोटी.’ आपले हे विधान तपासून पाहू.

‘पांढरे, काचेसारखे चमकणारे खनिज म्हणजे क्वॉर्ट्झ’ अशी व्याख्या केली, तर कॅल्साइटही तिच्यात शिरते. हा अतिव्याप्ती दोष. जांभळे ॲमेथिस्ट हा क्वॉर्ट्झचाच प्रकार असूनही तो वगळला जातो. हा अव्याप्ती दोष. ‘ज्याचे पापुद्रे सुटतात ते क्वॉर्ट्झ’ असे म्हटले, तर ते लक्षण कोणत्याच क्वॉर्ट्झला लागू पडत नाही. हा असंभव दोष. भारतीय तर्कशास्त्राने सांगितलेले हे तीन दोष टाळते, तेच व्यवच्छेदक लक्षण होय.

रंगावर विसंबता येत नाही. वजनही येथे फारसे उपयोगी नाही. क्वॉर्ट्झचे विशिष्ट गुरुत्व 2.65, तर कॅल्साइटचे 2.71 आहे. म्हणून दोन गुणधर्म पाहावेत.

1) कठिनता : ओरखडा न पडू देण्याची शक्ती. फ्रीड्रिख मोस यांनी 1812 मध्ये हिची 1 ते 10 अशी श्रेणी लावली. काचेची कठिनता साधारण 5.5 असते.
2) पाटन : ठरावीक सपाट पृष्ठांना अनुसरून फुटण्याचा गुण. ‘पाटन’ म्हणजे फाडणे, चिरणे. येथे संज्ञाच अर्थ सांगते.

आता चार खनिजे पाहू :
• क्वॉर्ट्झ : कठिनता 7, पाटन नाही, फुटल्यावर शिंपल्यासारखा वक्र पृष्ठभाग.
• फेल्स्पार : कठिनता सुमारे 6, जवळजवळ काटकोनात दोन दिशांना पाटन.
• कॅल्साइट : कठिनता 3, तीन दिशांना पाटन, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने फसफसते.
• अभ्रक : कठिनता 2 ते 3, एकाच दिशेने पाटन, त्यामुळे लवचीक पापुद्रे सुटतात.

काचेवर ओरखडा पाडून पाहिल्यास पहिली दोन खनिजे उरलेल्या दोहोंपासून वेगळी होतात. प्रत्येक जोडीतील भेद पाटनाने कळतो. मात्र काचेवरील रेघ बोटाने पुसून पाहावी. पुसली गेली, तर तो ओरखडा नसून खनिजाचीच भुकटी होय.

नाव आणि व्याख्या
‘गार’ हा शब्द आकाशातून पडणाऱ्या बर्फासाठीही आहे आणि दगडासाठीही. प्राचीन ग्रीकांचा पारदर्शक क्वॉर्ट्झसाठीचा शब्दही मुळात बर्फाचाच होता. ‘अभ्रक’ या नावात ‘अभ्र’ म्हणजे मेघ आहे. ही नावे पाहणाऱ्याला काय दिसले ते सांगतात. वस्तू नेमकी कोणती, हे व्याख्या ठरवते. नावाला साम्य पुरते, व्याख्येला भेद लागतो.

स्वयं-अध्ययन
‘फेल्स्पार हे कठीण खनिज आहे’ या विधानातील दोष ओळखा व ते व्यवच्छेदक होईल असे पुन्हा लिहा.