अफवा पुढे जाते ती आपल्याच हातून

पालकहो, शाळेच्या फाटकाशी उभे असताना आपण मुलांच्या मोबाइलविषयी पुष्कळ बोलतो. आज थोडं आपल्या मोबाइलविषयी बोलू या.

हाताशी ना पैसा, ना सरकारी यंत्रणा, अशी चार माणसं समाज पेटवू शकतात का? हो, शकतात. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीची म्हणून एक चित्रफीत देशभर फिरली. दुचाकीवरून आलेले दोघे गल्लीत खेळणारं मूल उचलून नेतात, एवढंच तीत दिसायचं. मुळात ती कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि बाकीचं काम लोकांनी केलं.

त्याच वर्षी धुळे जिल्ह्यातही अशाच अफवा फिरत होत्या. १ जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्याच दिवशी मालेगावात पोलिसांनी एक कुटुंब जमावाच्या तावडीतून सोडवलं. त्यात दोन वर्षांचं बाळ होतं. असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांत लेकरांच्या काळजीने पाठवणारे आईबापही असतात.

नंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. पण बोरिवली-मुलुंडच्या मोठ्या सोसायटीचा एकच ग्रुप शेकडो घरांत पोचतो. तिथे ‘सईच्या आईने पाठवलंय’ एवढा पुरावा पुरतो. अफवा उठवणाऱ्याला लागतो तो आपला शब्द, आपली पत. ती आपण फुकट देतो.

आणि मुलं? मोबाइल त्यांच्याही हातात आहे. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाच्या अॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले. मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत २१ वर्षांचा विद्यार्थी होता, १८ वर्षांची मुलगी होती. आपल्याच घरातल्यासारखी मुलं.

याच मुंबईत १९४२ साली २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. सरकारने दाबलेल्या बातम्या त्यांनी लोकांपर्यंत पोचवल्या आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. मूठभरांची ताकद तेव्हाही होती. त्यांनी आपल्या शब्दाची किंमत स्वतः मोजली. अफवेची किंमत मात्र राईनपाड्यासारख्या ठिकाणी निरपराध माणसं मोजतात.

म्हणून एवढं करा. मूल पळवल्याचा, विषबाधेचा, दंगलीचा संदेश आला की आधी विचारा: कुठे, कधी, कुणी पाहिलं? उत्तर नसेल तर तो तिथेच थांबवा. खरंच धोका वाटला तर ११२ वर फोन करा. आपण पाठवलेलं खोटं निघालं तर त्याच ग्रुपवर तसं लिहा, आणि मुलांच्या देखत लिहा. आपण थांबतो हे त्यांनी पाहिलं, तरच तीही थांबायला शिकतील.