चोवीस तासांच्या लघवीचा नमुना : घ्यावा कसा, टिकवावा कसा?



माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, हे आपण या पानांतून अनेकदा वाचले आहे. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाखालची माती घेऊ नये. इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा करून आठ-दहा ठिकाणची माती गोळा करावी, ती एकत्र मिसळावी आणि चार भाग करत करत शेवटी अर्धा किलो ठेवावी. हेक्टरभर रानाच्या नांगरटीच्या थरात सुमारे २२ लाख किलो माती असते आणि तिचा न्याय त्या अर्ध्या किलोवर होतो. नमुना चुकला तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, अहवाल चुकणारच.

हाच नियम आपल्या शरीरालाही लागू आहे. उन्हात राबणाऱ्या, घाम जास्त आणि पाणी कमी अशा माणसांत मुतखड्याचा त्रास वरचेवर दिसतो. एकदा खडा पडून गेला की माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण पुन्हा खडा होण्याची शक्यता राहते. खडा का होतो हे शोधण्यासाठी डॉक्टर 'चोवीस तासांची लघवी' तपासायला सांगतात. ही तपासणी रक्तासारखी प्रयोगशाळेतल्या माणसाच्या हाती नसते. नमुना आपणच घरी घ्यायचा असतो आणि बहुतेक घोळ तेथेच होतात. म्हणून ती रीत येथे जरा सविस्तर देत आहे.

वेळेला एवढे महत्त्व का?

मूत्रपिंड दिवसभर एकाच गतीने काम करत नाही. जेवणानंतर लघवीतून कॅल्शियम अधिक जाते, पहाटेची लघवी घट्ट असते, तांब्याभर पाणी प्यायल्यावर ती पातळ होते. एका वेळची लघवी म्हणजे बांधालगतची एक मूठ माती. ती सगळ्या शेताची गोष्ट सांगू शकत नाही.

काही तपासण्यांत तर घड्याळाचाच खेळ असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात १९५० च्या दशकात लघवीतून रक्त जाणाऱ्या एका जंतविकाराचे रुग्ण नोंदले गेले होते. गोगलगायींमार्फत पाण्यातून पसरणाऱ्या या विकारात जंतांची अंडी लघवीत दुपारच्या सुमारास सर्वांत जास्त उतरतात. म्हणून त्या तपासणीसाठी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतलीच लघवी घेतात. पहाटेची घेतली तर आजार असूनही सापडणार नाही.

मुतखड्याच्या तपासणीत मात्र पूर्ण दिवस-रात्रीची बेरीज हवी असते.

सुरुवात रिकाम्या मूत्राशयाने

सर्वांत जास्त चूक येथे होते. समजा, सकाळी ६ वाजता उठलात. त्या वेळची पहिली लघवी बाटलीत घ्यायची नाही, ती टाकून द्यावी आणि घड्याळात पाहून वेळ कागदावर लिहावी. ती लघवी कालच्या रात्रीची, म्हणजे कालच्या हिशेबातली असते. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी बाटलीत जमा करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर ६ वाजता, लागली असो वा नसो, मूत्राशय रिकामे करावे आणि ती शेवटची लघवी मात्र बाटलीत घ्यावी. पहिली टाकायची, शेवटची ठेवायची, एवढे पक्के ध्यानात ठेवावे.

पहिली लघवीही बाटलीत गेली तर चोवीस तासांऐवजी तीस-बत्तीस तासांचा माल एका दिवसाच्या खात्यावर चढतो. एखादी वेळ सुटली तर उलटे होते. हिशेब मांडून पाहू.

एका शेतकऱ्याला दिवसाला १५०० मिलिलिटर लघवी होते आणि दर १०० मिलिलिटरमध्ये २१ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. एकूण कॅल्शियम झाले ३१५ मिलिग्रॅम. पुरुषांत साधारण ३०० च्या वर आणि स्त्रियांत २५० च्या वर गेले तर ते जास्त समजतात. म्हणजे याच्या खड्याचे कारण सापडले. पण तो दुपारी रानात होता आणि एक वेळची ३०० मिलिलिटर लघवी बांधाला गेली. बाटलीत आले १२०० मिलिलिटर आणि कॅल्शियम भरले २५२ मिलिग्रॅम. अहवालात 'सर्व ठीक' येईल, उपचार होणार नाहीत आणि दोन वर्षांनी पुन्हा तीच कळ उठेल.

म्हणून एक वेळ जरी सुटली, सांडली, तरी 'चालेल, थोडीच गेली' असे म्हणू नये. बाटली रिकामी करून दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करावी. प्रयोगशाळेने आम्ल घालून दिलेली बाटली असेल तर ती घरी ओतू नये, परत नेऊन नवी आणावी. आणि लपवूनही उपयोग नसतो. स्नायूंतून तयार होणारे क्रिएटिनीन लघवीतून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात जाते. पुरुषांत वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम, स्त्रियांत १५ ते २०. साठ किलोच्या धडधाकट पुरुषाचे क्रिएटिनीन १२०० ते १५०० मिलिग्रॅम यायला हवे. ते ७०० आले की डॉक्टर ओळखतात, लघवी अर्धीच जमा झाली आहे. वयोवृद्ध व अंगाने वाळलेल्या माणसांत हा आकडा मुळातच कमी असतो, एवढे सोडले तर ही खूण सहसा फसवत नाही.

दिवस कोणता निवडावा?

लग्नाचे जेवण, एकादशीचा उपवास, प्रवास, ताप असे दिवस टाळावेत. स्त्रियांनी पाळीचे दिवस टाळावेत. खडा पडल्यावर किंवा काढल्यावर लगेच ही तपासणी करत नाहीत, साधारण सहा आठवडे जाऊ देतात.

आता एक गोष्ट आवर्जून सांगतो. सोय म्हणून बरेच जण घरी बसून असण्याचा दिवस निवडतात, आणि बाटली समोर दिसत असल्याने पाणीही जास्त पितात. असा नमुना पाहुणे आले म्हणून सारवलेल्या अंगणासारखा. आपला खडा तयार होतो तो भर उन्हात खुरपणी-कापणी करताना, दिवसभरात दोन तांबे पाण्यावर. तोच दिवस बाटलीत यायला हवा. डॉक्टरांनी दोन वेळा नमुना मागितला असेल तर निदान एक तरी कामाच्या दिवसाचा द्यावा. नेहमीचे खावे, नेहमीइतकेच प्यावे. चालू औषधे मनाने बंद करू नयेत, पण कॅल्शियमच्या किंवा क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगावे. क जीवनसत्त्व जादा घेतल्यास लघवीतील ऑक्झलेट वाढते.

रानात जाताना झाकणाची स्वच्छ, कोरडी लहान बाटली सोबत ठेवावी. त्यात घेतलेली लघवी झाडाच्या सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि घरी येताच मोठ्या बाटलीत ओतावी. शौचाला जाण्याआधी लघवी वेगळी करून घ्यावी, नाहीतर तेवढी हमखास जाते. रात्री उठल्यावर झोपेत विसर पडतो, म्हणून न्हाणीच्या दाराला एखादा दोरा किंवा कागद बांधून ठेवावा.

बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. तीन लिटरची असेल तर बरे. औषध फवारणीचा रिकामा डबा कितीही धुतला तरी या कामाला, किंवा घरातल्या कोणत्याच कामाला, वापरू नये. तेलाचे आणि सरबताचे डबेही नकोत.

टिकवण्याचे तंत्र

गोठ्यातील मूत्र शिळे झाले की डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो अमोनियाचा. जमिनीवर उघड्या टाकलेल्या युरियातून नत्र उडून जाते, तीच ही क्रिया. जिवाणूंच्या अंगचे युरिएज नावाचे विकर युरिया फोडते आणि अमोनिया तयार होतो. बाटलीतल्या लघवीतही उन्हाळ्यात काही तासांतच हे सुरू होते. सामू वाढतो, फॉस्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो, खड्याला अटकाव करणारे सायट्रेट जिवाणू खाऊन टाकतात. मग प्रयोगशाळा तपासते ती आपली लघवी राहिलेली नसते.

यावर पहिला उपाय थंडावा. बाटली पहिल्यापासून शेवटपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी. फ्रीजमध्ये ठेवायला घरातल्या मंडळींचा विरोध होतो, तो रास्तही आहे. अशा वेळी थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून, जनावरांची लस आणतो त्याप्रमाणे बाटली ठेवावी आणि बर्फ वितळला की बदलावा. लघवी गोठू मात्र देऊ नये.

दुसरा उपाय रसायनाचा, आणि तो प्रत्येक तपासणीला वेगळा. कॅल्शियम व ऑक्झलेटसाठी बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून देतात. त्यामुळे स्फटिक तळाशी न बसता विरघळलेले राहतात. युरिक आम्लाच्या तपासणीला हेच आम्ल घातक ठरते. युरिक आम्ल त्यात विरघळून न राहता खाली बसते, म्हणून त्यासाठी अल्कधर्मी द्रव्य वापरतात. प्रथिनांच्या तपासणीला आम्ल चालत नाही, तेथे थंडावाच पुरतो. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून, 'यातल्या कोणत्या तपासणीला कोणती बाटली?' हे प्रयोगशाळेत विचारून घ्यावे. दोन बाटल्या दिल्या तर दोन वेगवेगळ्या दिवशी भराव्यात. (प्रथिनांसाठी आता पुष्कळदा सकाळच्या एका वेळच्या लघवीवरही काम भागते. तेव्हा सांगितल्याशिवाय चोवीस तासांचा खटाटोप करू नये.)

आम्ल घातलेल्या बाटलीत थेट लघवी करू नये. बॅटरीच्या पाण्याने कापड कसे जळते हे आपण जाणतोच. लघवी आधी रुंद तोंडाच्या भांड्यात घ्यावी आणि बाजूने सावकाश ओतावी. बाटली रिकामी दिसते म्हणून विसळू नये, तळाचे ते पाणी म्हणजेच आम्ल असते. लेकरांच्या हाती लागणार नाही अशी जागा पाहावी. अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यात गेल्यास पाण्याने धूत राहून लगेच दवाखाना गाठावा.

प्रयोगशाळेत नेताना

शक्यतो सगळी बाटली त्याच सकाळी न्यावी. प्रयोगशाळा लांब असल्यास काही ठिकाणी थोडाच भाग पाठवायला सांगतात. तसे असेल तर एकूण लघवी मापून आकडा लिहावा, बाटली चांगली हलवावी आणि मगच ५० मिलिलिटर काढावी. न हलवता वरचे निवळ पाठवले तर तळाचे कॅल्शियम घरीच राहते. मापाचा आकडा राहिला तर बेरीजच करता येत नाही. हा आकडा स्वतःही वाचावा. मुतखड्याच्या रोग्याला दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हायला हवी. बाटलीत नऊशे मिलिलिटरच भरली असेल, तर अर्धा अहवाल घरीच मिळाला असे समजावे.

बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर नाव, वय, वजन, उंची, सुरुवातीची तारीख व वेळ, शेवटची तारीख व वेळ, एकूण लघवी आणि चालू औषधे लिहावीत. कागद झाकणावर न लावता बाटलीच्या अंगावर लावावा. झाकणे एकमेकांत बदलतात.