ब्रेकचा दिवा लागत नाही, का बरे?

मोटारीचा पुढचा दिवा बंद पडला तर चालवणाऱ्याला लगेच कळते; रस्ताच दिसेनासा होतो. भोंगा बंद पडला तर तेही कळते. मागचा ब्रेकचा दिवा मात्र महिनोन्‌महिने बंद असला तरी त्याला पत्ता लागत नाही. कारण तो दिवा त्याच्यासाठी नसतोच. 'मी वेग कमी करतो आहे, सांभाळ' हा निरोप तो मागून येणाऱ्याला देत असतो.

हा निरोप पोहोचला नाही तर काय होते? गणित सोपे आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. पुढची गाडी थांबत आहे हे लाल दिव्यामुळे तत्काळ कळते. दिवा नसेल, तर दोन गाड्यांमधील अंतर कमी होत असल्याचे डोळ्यांना जाणवेपर्यंत थांबावे लागते. त्यात एकच सेकंद गेला असे धरा. तेवढ्यात मागची गाडी सुमारे चार मोटारींच्या लांबीइतकी पुढे आलेली असते!

आता समजा, उद्या पहाटे तुमच्या घरची मंडळी आपल्या सात आसनी उंच गाडीतून गावी निघणार आहेत. आदल्या दिवशी वडिलांनी ब्रेक दाबला आणि मागे उभे राहून पाहताना तुम्हांला डावा दिवा लागलेला दिसला नाही. हे काम घरी करता येण्याजोगे आहे. मात्र हातात पेचकस घेण्यापूर्वी थोडा विचार करू या.

आधी निरीक्षण

ब्रेकच्या दिव्यांचे मंडल असे असते : बॅटरीच्या धन अग्रापासून प्रवाह निघतो, फ्यूजमधून जातो, ब्रेकच्या पायट्याजवळील बटणातून मागे येतो, बल्बमधून जातो आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण अग्राकडे परततो. परतीसाठी निराळी तार शेवटपर्यंत नेण्याची गरज नसते. सांगाडा हाच वाहक असतो. डावा, उजवा आणि काचेजवळचा वरचा असे तिन्ही दिवे समांतर जोडणीत असतात.

एवढ्या माहितीवरून काहीही न उघडता दोषाचा तर्क करता येतो.

१. एकच दिवा बंद, बाकीचे चालू : समान वाट चांगली आहे, म्हणजे फ्यूज आणि बटण निर्दोष. दोष त्या बल्बमध्ये, त्याच्या होल्डरमध्ये किंवा तेथील तारेत.

२. सगळेच दिवे बंद : तिन्ही दिवे एकाच वेळी जाणे अवघड. तेव्हा समान वाटेवर शोधा. आधी फ्यूज, मग बटण.

३. ब्रेक दाबताच त्या बाजूचा दिवा अगदी मंद लागतो आणि शेजारचा रात्रीचा लहान दिवाही मिणमिणतो : हा सर्वांत गमतीदार प्रकार. येथे सांगाड्याला जोडलेली परतीची तार गंजलेली किंवा ढिली असते. सरळ वाट बंद झाल्यामुळे प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या तंतूतून उलट वाटेने बाहेर पडतो. समांतर जोडणीचे तंतू आता एकसरीत आले, म्हणून सगळेच मंद! येथे बल्ब कितीही बदलले तरी उपयोग नाही. तारेचे टोक घासून घट्ट बसवले की काम झाले.

आपल्या उदाहरणात पहिला प्रकार आहे. तेव्हा बल्ब काढून पाहू.

प्रत्यक्ष काम

घरातील मोठे माणूस सोबत असू द्या. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, सर्व दिवे बंद करा, किल्ली काढून घ्या. बल्ब नुकताच जळत असेल तर तो निवू द्या.

मागचे दार उघडा. बऱ्याच गाड्यांत दिव्याच्या कडेला, दाराच्या फटीत, दोन स्क्रू किंवा नट दिसतात. ते काढून एका वाटीत ठेवा. मग संपूर्ण दिवा दोन्ही हातांनी सरळ मागे ओढा. वाकडा ओढल्यास प्लास्टिकच्या खुंट्या मोडतात. दिव्याच्या पाठीमागे होल्डर असतात. ब्रेकचा होल्डर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडा फिरवला की बाहेर येतो. बल्ब आत दाबून, त्याच दिशेने फिरवून सोडवा.

बल्बच्या बुडावरील आकडे वाचा. '१२ व्होल्ट २१ वॉट' असेल तर तो एका तंतूचा. '२१/५ वॉट' असेल तर त्यात दोन तंतू आहेत : २१ वॉटचा ब्रेकसाठी, ५ वॉटचा रात्रीच्या दिव्यासाठी. एका तंतूच्या बल्बाच्या दोन्ही खुंट्या एका उंचीवर, तर दोन तंतूंच्या बल्बाच्या खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात. त्यामुळे तो उलटा बसूच शकत नाही. बसत नसेल तर जोर करू नका, फिरवून पाहा.

होल्डरमध्ये हिरवट थर दिसला तर तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. नवा बल्ब स्वच्छ फडक्याने धरून बसवा. सर्व जोडण्यापूर्वी कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून दिवा लागतो का ते पाहा. मग रबरी पट्टी नीट बसवून दिवा परत लावा. नाहीतर पावसाचे पाणी आत जाईल.

दोन गोष्टींची ताकीद. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही म्हणून निष्काळजी राहू नका. तारा एकमेकींना चिकटल्या तर फार मोठा प्रवाह वाहून आग लागू शकते. आणि गेलेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी कधीही घालू नका. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावा. तोही पुन्हा गेला तर गाडी मिस्त्रीकडे न्या.

बल्ब का गेला?

ओहमच्या नियमाने पाहू. २१ वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे १.७५ अँपिअर प्रवाह. यावरून तंतूचा रोध सुमारे ७ ओहम येतो. पण थंड बल्बचा रोध मल्टिमीटरने मोजला तर तो एक ओहमहूनही कमी भरतो! गणित चुकले का? नाही. टंगस्टनचा तंतू तापतो तसा त्याचा रोध अनेक पटींनी वाढतो. म्हणून बटण दाबताच पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो. दीर्घ वापराने टंगस्टनचे हळूहळू बाष्पीभवन होऊन तंतू एखाद्या ठिकाणी बारीक झालेला असतो; तेथेच तो अधिक तापतो आणि तुटतो. शहरातल्या गर्दीत ब्रेकचा दिवा शेकडो वेळा लागतो नि विझतो. त्यात खड्ड्यांचे हादरे!

तंतू पूर्ण तापण्यास सुमारे ०.२ सेकंद लागतो. एलईडीला तापावे लागत नाही. ती जवळजवळ तत्क्षणी उजळते. ताशी ७२ किलोमीटर वेगाला ०.२ सेकंद म्हणजे ४ मीटर. एवढी जादा जागा मागच्या चालकाला मिळते. शिवाय लाल एलईडी लाल प्रकाशच देते. साध्या बल्बच्या प्रकाशातील इतर रंग मात्र लाल आवरणात शोषले जाऊन वाया जातात. तुमच्या गाडीत एलईडीचा बंद संच असेल, तर त्यात बल्ब बदलता येत नाही. बहुधा सबंध संचच बदलावा लागतो.

वरच्या तिसऱ्या दिव्याची कथाही रंजक आहे. जॉन व्हॉएवॉडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतील टॅक्सींना मागे एक जादा इशारा देणारा दिवा लावून पाहिला आणि मागून बसणाऱ्या धडका कमी झाल्याचे १९७४ साली प्रसिद्ध केले. पुढे आणखी प्रयोग झाले आणि अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना वरचा तिसरा ब्रेकचा दिवा सक्तीचा झाला.

करून पाहा

१. रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा. चालकाच्या जागी बसलेल्या मोठ्या माणसाने ब्रेक दाबून आरशात भिंतीवरील लाल उजेड पाहावा. डावीउजवीकडे सारखा उजेड आहे का? एकट्या माणसाला अशी तपासणी आठवड्यातून एकदा सहज करता येते.

२. टॉर्चचे दोन सारखे बल्ब एका घटाला आधी समांतर, नंतर एकसरीत जोडा. कोणत्या जोडणीत ते मंद लागतात? एक बल्ब काढल्यास दुसऱ्याचे काय होते?

३. ५ वॉटच्या तंतूचा तापलेल्या स्थितीतील रोध काढा. तो २१ वॉटच्या तंतूपेक्षा जास्त का?

बल्ब बदलायला दहा मिनिटे पुरतात. पण तो बंद आहे हे चालवणाऱ्याला दिसत नाही, तुम्हांला दिसू शकते. तेव्हा उद्या घरची गाडी फाटकातून बाहेर पडताना मागे उभे राहा आणि एकदा ब्रेक दाबायला सांगा.