बालगृहातल्या मुलांचं पुढे काय होतं?

प्रश्न : आमच्या तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) दत्तक आलेले, लहानपणी वाड्यातच हाल सोसलेले, एका परक्या पाद्र्याच्या देखरेखीत वाढलेले. तरी केवढे विद्वान निघाले! मग बालगृहात वाढलेल्या मुलांचं पुढे फारसं बरं होत नाही, असं का म्हणतात?
– एक वाचक, पापनाशम (जि. तंजावर)

उत्तर : आकडे तसं सांगतात, हे खरं. संस्थेत किंवा पालक-कुटुंबात वाढलेल्यांचं शिक्षण आणि कमाई इतरांपेक्षा कमी, तुरुंगात जाणारे जास्त, असं बऱ्याच देशांत आढळतं. पण तिथे पोचण्याआधीच या मुलांनी मार, उपास, घरातली दारू किंवा आईबापांचा मृत्यू सोसलेला असतो. मग नुकसान आधीच्या आयुष्याने केलं की संस्थेने?

अमेरिकेत हे वेगळं काढता आलं. तिथे मुलाच्या छळाची तक्रार आली की तपासनीस जवळपास पाळीपाळीने नेमला जातो. कुणी कडक, तर कुणी मवाळ. त्यामुळे सारख्याच परिस्थितीतलं एक मूल घराबाहेर काढलं जातं, दुसरं घरीच राहतं. जोसेफ डॉयल यांनी २००७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या अशा काठावरच्या मुलांचा अभ्यास मांडला. घरी राहिलेल्यांचं बरं चाललं होतं. पुढे बॅरन आणि ग्रॉस यांनी मिशिगनमध्ये हीच पद्धत वापरली, तर उत्तर उलटं आलं : बाहेर काढलेली मुलं शाळेत जास्त टिकली, त्यांच्यावरचे अत्याचार कमी झाले. तिथली बहुतेक मुलं एक-दोन वर्षांत आईबापांकडे परतत होती आणि तोवर आईबापांनाही सावरायला मदत मिळत होती.

तान्ह्या बाळांची गोष्ट निराळी. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००१ च्या सुमारास अनाथालयांतली १३६ बाळं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी पालक-कुटुंबांत दिली, निम्मी तिथेच राहिली. साडेचार वर्षांच्या वयात बुद्ध्यंक मोजला तो कुटुंबात गेलेल्यांचा सरासरी ८१, संस्थेतल्यांचा ७३. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना फायदा अधिक झाला. खाणंपिणं संस्थेतही मिळत होतं; दर पाळीला सांभाळणारी बाई मात्र बदलत होती.

आता सरफोजी. तंजावरचे राजे तुळजाजी यांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी तुळजाजी वारले. मग गादीवर आलेले तुळजाजींचे भाऊ अमरसिंह यांच्या राज्यात मुलगा कोंडल्यासारखा राहिला. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने कंपनी सरकारकडे दाद मागितली, १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवलं, तिथे गेरिके या मिशनऱ्याकडे शिकण्याची सोय झाली. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजघराणं आणि कंपनीचं राजकारण पाठीशी असलेला हा मुलगा, म्हणून त्याच्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडता येणार नाही. पण दहाव्या वर्षापासून विशीपर्यंत त्याच्यासाठी भांडणारा एक माणूस बदलला नाही, एवढं खरं.

आजच्या मुलाची अडचण नेमकी इथेच होते. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण झाले की बालगृह सोडावं लागतं. पुढे २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या मदतीची, सोय आहे. पण भाड्याची खोली, कागदपत्रं, कॉलेजची फी, आजारपण या सगळ्यांत हक्काने फोन करावा असं माणूस कायद्याने नेमता येत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, तेही गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या एका मुलीने स्पर्धा परीक्षेत अडल्यावर मंत्रालय गाठलं तेव्हा.

थोडक्यात, बालगृहामुळे मूल बिघडतं असं नाही आणि तिथे ठेवलं म्हणून सुधारतं असंही नाही. घर सावरता येत असेल तर आधी घराला मदत द्यावी, बाळाला लवकरात लवकर कुटुंब मिळावं आणि अठरानंतरही कुणीतरी चौकशी करणारं असावं. पापनाशमला असो वा पुण्याला, अडचणीतलं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करावा.